व्हाळ, तळी आणि खाजणे : गाळ काढणे व निगा राखणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा आटोपला आणि व्हाळांतले पाणी कोंडांपुरते (पात्रातल्या खोल डोहांपुरते) उरले, की गाळ काढण्याविषयीचे प्रश्न येऊ लागतात. मृग जवळ आला की त्यांची घाई वाढते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या ग्रामपंचायती, वाड्यांची मंडळे, बागायतदार आणि खाजणातले (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतले) शेतकरी यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जेथे ‘व्हाळ’ म्हटले आहे, तेथे आपल्या भागातला पऱ्या किंवा ओहोळ समजावा.

१. आमच्या तळ्यात गाळ साचला आहे असे सगळेच म्हणतात. तो खरोखर काढण्याइतका आहे, हे कसे ओळखावे?

पाणी उथळ दिसते एवढ्यावरून निर्णय घेऊ नये. एक सरळ, लांब बांबू घेऊन त्यावर वीतभर अंतरावर खुणा कराव्यात आणि तळ्यात दहा-बारा ठिकाणी तो उभा सोडावा. बांबू अलगद टेकतो ती पहिली खूण, म्हणजे गाळाचा वरचा थर; जोर दिल्यावर रुतत जाऊन जेथे तो घट्ट अडतो ती दुसरी खूण, म्हणजे मूळ तळ. या दोन खुणांमधले अंतर म्हणजे गाळ. मूळ खोलीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गाळ भरला असेल, तर काम हाती घेण्यात अर्थ आहे, असे आमचे मत आहे. त्याहून कमी गाळ असूनही तळे माघ-फाल्गुनातच आटत असेल, तर दोष गाळाचा नसून बांधातून किंवा तळातून होणाऱ्या गळतीचा असण्याचा संभव अधिक असतो. अशा तळ्यातला गाळ घाईने उपसला, तर उरलेसुरले पाणीही निघून जाते. त्याचे कारण प्रश्न ५ मध्ये दिले आहे.

२. गाळ काढण्याचा योग्य काळ कोणता?

गोड्या पाण्याच्या तळ्यांसाठी आणि व्हाळांसाठी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य होय. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागत असले, तरी वळवाच्या सरी मेच्या उत्तरार्धातच कोसळू शकतात; आणि मोकळी केलेली, अद्याप न दबलेली माती एकाच सरीत खाली वाहून जाते. म्हणून काम मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत संपवून शेवटचे काही दिवस काठ चोपून घेण्यासाठी राखून ठेवावेत.

दुसरे कारण माशांचे आहे. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी खाडी-नदीतून व्हाळात आणि व्हाळातून भाताच्या मळ्यांत चढतात. त्या दिवसांत प्रवाह गढूळ केला किंवा मातीचा ढीग आडवा टाकला, तर त्यांची वाट बंद होते. खाजणांचे वेळापत्रक वेगळे असते. त्यासाठी प्रश्न १४ पाहावा.

३. व्हाळ आमच्या वाडीतून जातो, तळे आमच्या आजोबांच्या वेळचे आहे. मग परवानगी कशाला आणि कोणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले, खाड्या आणि वाहते किंवा साचलेले पाणी ही, इतर कोणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर, शासनाची मालमत्ता आहे. व्हाळ तुमच्या दोन बागांच्या मधून वाहतो म्हणून तो तुमच्या मालकीचा ठरत नाही. तेव्हा प्रथम गावचा नकाशा आणि सातबारा तपासावा. तळे ग्रामपंचायतीकडे निहित असेल, तर ग्रामसभेचा ठराव घ्यावा. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेला पाझर तलाव किंवा बंधारा असेल, तर जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडे जावे. नदीच्या पात्रासाठी जलसंपदा विभाग आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याशी पत्रव्यवहार करावा. सातबाऱ्यावर नोंद असलेल्या खाजगी तळ्याला एवढे सोपस्कार लागत नाहीत. तरीही काढलेली माती आवाराबाहेर नेणार असाल, तर तहसीलदार कार्यालयास लेखी कळवणे शहाणपणाचे ठरते.

गावतळ्यातला गाळ काढण्यास पर्यावरणविषयक पूर्वमंजुरीतून २०१६ च्या दुरुस्तीने सूट दिलेली आहे. ही सूट गाळ काढण्यापुरतीच आहे. वाळूसाठी (प्रश्न ८) आणि खाडीसाठी (प्रश्न १५) तिचा आधार घेता येत नाही.

४. गाळ किती निघेल आणि खर्च किती येईल, याचा अंदाज कसा बांधावा?

लांबी, रुंदी आणि गाळाची सरासरी जाडी यांचा गुणाकार करावा. तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर गाळ असलेल्या तळ्यात ३०० घनमीटर गाळ असतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर, म्हणजे हा गाळ सुमारे १०६ ब्रास झाला. तथापि खोदलेली माती फुगते. पंचवीस टक्के वाढ धरली, तर वाहून नेण्याची माती १३२ ब्रासच्या घरात जाते आणि तीन ब्रासच्या डंपरच्या चव्वेचाळीस फेऱ्या होतात. अंदाजपत्रके बहुधा येथेच चुकतात: यंत्राच्या तासांचा हिशेब मांडलेला असतो आणि वाहतुकीचा विसरलेला असतो. माती टाकण्याची जागा एक किलोमीटर दूर गेली, तर खोदाईपेक्षा वाहतूकच महाग पडू शकते. म्हणून प्रश्न ७ चे उत्तर आधी ठरवावे आणि मगच यंत्र बोलवावे.

५. एकदाच खोल खणून टाकले तर पुन्हा पुन्हा काम करावे लागणार नाही. किती खोल जावे?

मूळ तळापर्यंत जावे, त्याखाली मुळीच जाऊ नये. कोकणातल्या तळ्यांच्या बाबतीत हा सर्वांत महत्त्वाचा नियम असून तोच सर्वाधिक मोडला जातो.

आपल्याकडचा जांभा सच्छिद्र आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मार्च-एप्रिलमध्ये टँकर लागतात, याचे एक मोठे कारण म्हणजे पाणी जांभ्यातून झपाट्याने खाली उतरते आणि उतारावरून समुद्राकडे निघून जाते. जुनी तळी टिकली, कारण त्यांच्या तळाशी चिकण मातीचा थर आहे. कोठे तो निसर्गतःच आहे, तर कोठे पूर्वजांनी माती आणून, तुडवून, चोपून केलेला आहे. हा थर फोडून पोकलेनचा दात खालच्या जांभ्यात गेला, की तळ्याची चाळण होते. पावसाळ्यात तळे भरलेले दिसते आणि दिवाळीपर्यंत कोरडे पडते.

थर ओळखणे अवघड नाही. वरचा गाळ काळा, बुळबुळीत, कुजक्या पानांचा आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा असतो. त्यात शिंपल्यांचे तुकडे, करंजाच्या शेंगा, कधी फुटके मडके सापडते. त्याखाली रंग बदलतो. पिवळसर किंवा पांढुरकी माती लागते, फावडे तिच्यावर घसरते, आणि ढेकूळ हातात घेऊन वळले तर त्याची सुतळीसारखी वळी न तुटता होते. ही माती दिसली की थांबावे. यंत्र लावण्यापूर्वी तीन-चार ठिकाणी हाताने खड्डे घेऊन ही पातळी शोधावी, खुंट्या ठोकाव्यात आणि यंत्रचालकाला त्या प्रत्यक्ष दाखवाव्यात. बांधाच्या पायथ्याशी काही मीटरचा पट्टा न खणता सोडावा, नाहीतर बांधाचाच पाया मोकळा होतो.

६. यंत्राने काढावा की माणसांनी?

मोठ्या तळ्याला यंत्राशिवाय पर्याय नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र अरुंद व्हाळ, दगडी पायऱ्यांची तळी, झऱ्याचे तोंड, देवळाजवळची कुंडे आणि मोऱ्या येथे माणसांचेच काम असावे. यंत्र व्हाळाच्या पात्रात उतरवले, तर तळाचे दगड हलतात. ते दगडच पाण्याचा वेग मोडत असतात. शक्य असेल तेथे यंत्र एका काठावर उभे करून दुसरा काठ न दुखावता काम करावे. काम खालच्या बाजूकडून वर न्यावे, म्हणजे साचलेले पाणी आपोआप निचरत जाते. रोजगार हमीतून काम घ्यायचे असेल, तर यंत्राविषयीच्या अटी पंचायत समितीकडून आधीच समजून घ्याव्यात.

७. काढलेला गाळ कुठे टाकावा? शेतात, माडाला, कलमांना चालतो का?

प्रथम कुठे टाकू नये ते सांगतो: काठावर. काठावर लावलेला ढीग आषाढात परत पात्रात येतो आणि गावाचा पैसा पाण्याबरोबर वाहून जातो. तो दिसायला बांधासारखा दिसतो, म्हणून लोकांना बरे वाटते. पण त्यामुळे शेतातले पाणी व्हाळात उतरण्याची वाट बंद होते आणि दोन्हीकडून नुकसान होते.

गोड्या पाण्याच्या तळ्यातला गाळ शेतीला उपयोगी आहे. कोकणातली जमीन अतिवृष्टीने धुपलेली, आम्लधर्मी आणि ओल धरून न ठेवणारी असते. गाळातली बारीक माती आणि सेंद्रिय अंश यांनी ती सुधारते. वरकस जमिनीत, नव्या कलमांच्या खड्ड्यांत, माड-पोफळीच्या आळ्यांत तो शेणखताबरोबर मिसळावा. ओला गाळ थेट खोडाशी रचू नये. पसरून, वाळवून, ढेकळे फोडून मगच घालावा. पाणी साचणाऱ्या भाताच्या मळ्यात जाड थर दिला, तर निचरा बिघडतो. तेथे तीन-चार बोटांहून अधिक देऊ नये. शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून याच तत्त्वावर उभी आहे. तिच्याखाली जलाशयातला गाळ शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात नेता येतो. आपला जलाशय तिच्यात बसतो का, हे जलसंधारण विभागात विचारावे.

दोन अपवाद आहेत. खाडीचा गाळ खारा असतो. तो बागेत घातला तर पानांच्या कडा करपतात आणि झाड मान टाकते. त्यातला काही चिखल उघड्यावर वाळला की गंधकयुक्त द्रव्यांमुळे तीव्र आम्लही होतो. तो खारबांधाच्या, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, दुरुस्तीसाठीच वापरावा. दुसरा अपवाद रासायनिक औद्योगिक वसाहतींच्या किंवा शहरी सांडपाण्याच्या खालच्या अंगाच्या गाळाचा. त्यात जड धातू असू शकतात; प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्याशिवाय तो खाण्याच्या पिकांत घालू नये, मग तो कितीही काळाभोर आणि कसदार दिसो.

८. गाळाबरोबर वाळू निघाली तर ती विकून खर्च भागवता येईल का?

नाही. वाळू हे गौण खनिज आहे आणि परवान्याशिवाय ते काढणे, साठवणे किंवा वाहून नेणे हा महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली दंडनीय प्रकार आहे. खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्ती होऊ शकते. गाळाच्या नावाने वाळू उपसण्याचे प्रकार घडल्यामुळेच प्रामाणिक गावांच्या अर्जांकडेही संशयाने पाहिले जाते. वाळू लागली तर काम थांबवून महसूल विभागाच्या उपस्थितीत पंचनामा करून घ्यावा. खाड्यांमध्ये परवान्याने चालणारी हातपाटीची पारंपरिक पद्धत वेगळी आणि सक्शन पंपाचा उपसा वेगळा. पंपाच्या उपशाने किनारे खचतात, खाऱ्या पाण्याची रेघ आत सरकते आणि काठच्या विहिरी खाऱ्या होतात.

९. व्हाळ सरळ आणि रुंद केला तर पूर येणार नाही ना?

तुमच्या वाडीत कदाचित येणार नाही. खालच्या वाडीत तो अधिक जोराने जाईल. व्हाळाची वळणे, कोंड आणि दगडांचे उंबरे पाण्याचा वेग कमी करतात. ती काढून टाकली, की तेच पाणी कमी वेळात खाली पोहोचते, काठ कापते आणि कापलेली माती पुढच्या सपाट भागात टाकते. शिवाय कोंड हे उन्हाळ्यातले पाण्याचे साठे असतात. गुरे, पाखरे आणि मरळ, शेंगटी, मळ्ये यांसारखे मासे त्यांच्या आधारानेच पुढच्या पावसापर्यंत टिकतात. कोंडातला साचलेला गाळ काढावा, पण कोंड बुजवून व्हाळाचा तळ एकसारखा करू नये.

तरीही काही ठिकाणी रुंदी वाढवावीच लागते, विशेषतः जेथे अतिक्रमणाने किंवा भरावाने ती आधी कमी केलेली असते. तेथे मूळ रुंदी परत मिळवणे हे योग्य उद्दिष्ट होय.

या ठिकाणी चिपळूणचा उल्लेख नेहमी होतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नद्यांमधला गाळ मोठ्या प्रमाणावर काढण्यात आला, आणि साचलेली बेटे हटल्याने वहनक्षमता वाढते हे खरेच आहे. परंतु किनाऱ्याजवळच्या शहरांचा पूर केवळ गाळावर ठरत नाही. घाटमाथ्यावरची अतिवृष्टी, त्याच वेळी खाडीत असलेली उधाणाची भरती, पूररेषेतला भराव आणि कोयनेच्या वीजगृहांतून वाशिष्ठीत येणारे अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी) या सगळ्यांची तेथे सांगड आहे. भरतीच्या वेळी खाडीच पाणी घेत नसेल, तर वरचे पात्र कितीही मोकळे असले तरी पाणी शहरात थांबते. म्हणून गाळ काढला म्हणजे पुराची भीती संपली, असे आश्वासन कोणी देत असेल तर ते मान्य करू नये.

१०. काठावरचा केवडा, निगडी, करंज तोडून काठ मोकळा करावा का?

करू नये. केवड्याची आधारमुळे आणि करंज, उंडी, वाळुंज यांची मुळे काठाला जे धरून ठेवतात, ते काँक्रीटच्या भिंतीने साधत नाही. भिंतीखालची माती निघून गेली की भिंत अख्खी आडवी होते. पात्रात आडवी पडलेली झाडे, अडकलेले ओंडके आणि बांबूची कोसळलेली बेटे मात्र अवश्य काढावीत. काठ उघडा पडला असेल, तर उभा कापून न ठेवता एकास दीड किंवा एकास दोन (उंची एक, तर आडवे अंतर दीड किंवा दोन) असा उतार द्यावा आणि पावसाच्या तोंडावर वाळा, निगडी, मेस लावावी.

११. तीन वर्षांपूर्वी गाळ काढला होता, तळे पुन्हा भरले. असे का होते?

कारण गाळ तळ्यात तयार होत नाही. तो वरून येतो. आमच्याकडे आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे तरी या एका उत्तराने सुटतील असे वाटते, म्हणून ते थोडे विस्ताराने देत आहोत.

तळ्याच्या वरच्या अंगाला पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन चालत जावे. येणारे पाणी कोठे लाल होते ते पाहावे. त्या ठिकाणी गाळाचा उगम आहे. बहुतेक वेळा तो सापडतो तो चार-पाच जागी: बागायतीसाठी यंत्राने एकाच वर्षात उघडा केलेला डोंगरउतार, गटाराशिवाय काढलेला कच्चा रस्ता, चिरेखाणीच्या तोंडाशी टाकलेला भुगा, आणि वणव्याने जळून गवत नाहीसे झालेला कातळाचा माथा. पूर्वी उतारावर झाडी आणि गवत होते, तेव्हा तेच तळे पिढ्यान्‌पिढ्या थोड्याशा निगेवर चालत असे.

उपाय गावाच्या आवाक्यातले आहेत. उतारावर समपातळीत चर, ओघळींमध्ये खालपासून वरपर्यंत अनघड दगडांचे छोटे बांध, रस्त्याकडेच्या पाण्याला ठरावीक अंतरावर बाजूच्या रानात काढून देणे, आणि तळ्याच्या तोंडाशी गाळ-खड्डा. हा खड्डा तळ्यापेक्षा लहान असल्याने तो दर वर्षी माणसांनी चार दिवसांत रिकामा करता येतो. मुख्य तळे मग अनेक वर्षे उघडावे लागत नाही. नव्या कलमांच्या बागेत गवत मुळासकट न खरवडता कापावे. निधी मर्यादित असेल आणि तळ्याचा गाळ किंवा वरचा उतार यांपैकी एकच काम करता येणार असेल, तर आम्ही उतार निवडू.

१२. वनराई बंधारा घालण्याआधी गाळ काढावा का? आणि नंतर त्याचे काय करावे?

वनराई बंधारा म्हणजे माती भरलेल्या सिमेंटच्या पिशव्यांचा तात्पुरता बांध. त्याच्या जागेवरची पाने, फांद्या आणि मऊ गाळ काढून पक्क्या तळावर पहिली ओळ बसवावी. नाहीतर पाणी पिशव्यांखालून निघून जाते. पाऊस थांबल्यावर व्हाळ अजून वाहता असतानाच, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान हे काम होते. दगड रचून पाण्याच्या बाजूला प्लास्टिकचे कापड लावण्याची पद्धतही चांगली आहे. मेमध्ये मात्र सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणि कापड आठवणीने काढून घ्यावे. बंधारे घालताना फोटो निघतात, काढताना कोणी नसते. आणि पहिल्या पुरात फाटलेल्या त्या पिशव्या खालच्या साकवाला, माडांच्या मुळांना आणि शेवटी खाडीतल्या जाळ्यांना गुंडाळलेल्या सापडतात.

१३. तळे जलपर्णीने झाकले आहे. औषध मारावे का?

औषध मारू नये. मेलेली जलपर्णी तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शिवाय त्या पाण्यावर गुरे येतात. ती बिया धरण्यापूर्वी हाताने ओढून, काठापासून दूर नेऊन, वाळवून खतात घालावी. ती पुन्हा पुन्हा येत असेल, तर तळ्यात सांडपाणी किंवा गोठ्याचे पाणी येत आहे असे समजून ती वाट शोधावी. कमळे आणि कुमुदिनी यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा थोडा भाग मोकळा करणे पुरेसे असते.

१४. आमच्या खाजणात उघाडीसमोर चिखल साचून पाणी निघत नाही. काय करावे?

उघाडी म्हणजे खारबांधातली पाणी सोडण्याची झडप. तिचे दार ओहोटीला बाहेरच्या बाजूला उघडते आणि भरतीला दाबाने बंद होते. तिच्या बाहेरच्या नाळेत (खाडीकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत) चिखल चढला, की दार पूर्ण उघडत नाही. आत पावसाचे पाणी तुंबते आणि भात कुजतो. आतल्या बाजूला काडीकचरा अडकला, तर ते पूर्ण मिटत नाही आणि खारे पाणी आत येते. दोन्ही दोष एकाच पाहणीत शोधावेत.

काम भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती कमी चढते तेव्हा करावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांध उघडा ठेवू नये. नाळेतला चिखल बांधाच्या माथ्यावर थरांनी चढवून चोपावा, मात्र बांधाच्या पायथ्याला लागून खड्डे काढून माती घेऊ नये. खांडी (बांधातली भगदाडे) पडतात त्या बऱ्याचदा अशाच जागी. खेकड्यांची बिळे दर वर्षी शोधून, खणून, घट्ट भरावीत.

खांड पडून खारे पाणी शेतात आले असेल, तर पहिल्या पावसाचे गोडे पाणी खाचरात साठवून ओहोटीला उघाडीतून सोडून द्यावे आणि असे अनेकदा करावे, मीठ उतरते. त्या वर्षी पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पनवेल १, २, ३ यांसारख्या क्षार सहन करणाऱ्या जाती किंवा गावातले जुने राता भात लावावे. शासकीय योजनेतल्या बांधांची जबाबदारी १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाखाली खारभूमी विभागाकडे आहे. खाजगी बांधाची निगा मात्र खातेदारांनीच मिळून राखायची असते, आणि ज्या गावात ती सामाईक शिस्त मोडली त्या गावाची शेते खाडीत गेलेली आपण पाहतो.

१५. नाळेत तिवरे वाढली आहेत. ती काढून गाळ उपसता येईल का?

परस्पर काढता येणार नाहीत. कांदळवने किनारी नियमन क्षेत्रात सर्वोच्च संरक्षणाच्या वर्गात येतात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात त्यांच्या तोडीवर संपूर्ण राज्यात बंदी कायम ठेवली असून सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी सांगितली आहे. कांदळवनाच्या ५० मीटरच्या पट्ट्यात गाळ, राडारोडा टाकण्यासही मनाई आहे. म्हणजे झाड न तोडता त्याच्या श्वसनमुळांवर चिखलाचा ढीग लावणे हाही गुन्हाच ठरतो. अशा वेळी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, आणि नाळ होड्यांच्या वाटेची असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, खारभूमी विभागामार्फत प्रस्ताव पाठवावा. वेळ लागतो, पण दुसरा सरळ मार्ग नाही. तिवरांच्या मागचे खारबांध लाटांपासून वाचतात, हेही खातेदारांनी विसरू नये.

१६. वरच्या शेजाऱ्याने भराव घालून पाण्याची नैसर्गिक वाट बंद केली. दाद कुठे मागावी?

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बेकायदा अडवल्याने नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असेल, तर अडथळा काढण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना आहे. अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. ‘पाऊस सरू दे, मग बघू’ म्हणत गेलेले अनेकजण ही मुदत गमावतात. भराव पडल्याबरोबर तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. तथापि त्याआधी गावकीत बसून एक मोरी टाकण्यावर तडजोड होत असेल, तर ती लवकर आणि स्वस्तात होते.

१७. तळे देवस्थानाचे किंवा देवराईतले आहे. तेथे काय वेगळे करावे?

मानकऱ्यांना आणि पुजाऱ्यांना विश्वासात घेऊन, गाऱ्हाणे घालून मगच हात लावण्याची रीत आहे आणि ती पाळावी. तिच्यामुळेच ही पाणी-स्थाने आजवर राहिली. जुन्या पायऱ्या, दगडी मूर्ती, वीरगळ जागचे हलवू नयेत. देवराईतल्या झऱ्याच्या तोंडावरची झाडे तोडू नयेत. कुंड एकाच वेळी पूर्ण रिकामे करू नये. आंबोलीजवळच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली आणि त्या स्थळाला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. असे लहानसे कुंड एका उपशात संपू शकते. निम्मे कुंड एका वर्षी आणि निम्मे पुढच्या वर्षी, असे काम करावे.

सार्वजनिक तळ्यावर कोणालाही मज्जाव करता येत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो हक्क बजावला, तो कोकणातल्या प्रत्येक गावतळ्याला लागू आहे. श्रमदानाला सगळ्या वाड्यांना बोलवावे आणि पाण्यालाही.

१८. सड्यावरच्या पावसाळी तळ्या खोल केल्या तर उन्हाळ्यात पाणी मिळेल का?

सहसा मिळत नाही. कातळावरच्या या उथळ तळ्यांत बोटभर माती असते, आणि त्या मातीतच पावसाळ्यात सीतेची आसवे, गेंद आणि दिपकाडी यांसारखी झाडे फुलतात. त्यांतली काही या पट्ट्याबाहेर सापडत नाहीत. सुरुंग लावून खड्डा केला, तर जांभ्यातून पाणी उतरून जाते (प्रश्न ५) आणि तळेही जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळशिल्पे असण्याचीही शक्यता असते. गवत-माती बाजूला केल्यावर कोरीव रेषा दिसल्या, तर काम तत्काळ थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवावे. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्यासारख्या जायफळकुळातल्या वृक्षांच्या दलदलीही अशाच. त्या चिखलानेच जगतात, तेथे गाळ काढणे म्हणजे रान मारणे.

१९. नदीकाठी मगरी आहेत. काम करता येईल का?

वाशिष्ठी आणि सावित्रीच्या पात्रांत मगरींचा वावर आहे आणि त्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहेत. अडचण अशी, की त्या वाळूच्या किंवा मातीच्या उंच काठात अंडी घालतात ती उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या गाळ काढण्याच्या दिवसांत. वन विभागाला आधी कळवून काठांची पाहणी करून घ्यावी आणि घरट्याच्या जागा सोडून काम आखावे. उदांची (पाणमांजरांची) बिळे असलेल्या काठांनाही हेच लागू आहे.

२०. रस्त्याकडेच्या गटारांचे आणि मोऱ्यांचे काय?

ती मेमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा साफ करावीत. मोरीच्या तोंडाशी अडकलेली माडाची एक झावळी आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या पूर्ण रस्ता फोडायला पुरतात. आपल्या फाटकासमोर गटारावर टाकलेला पाइप गटाराइतकाच रुंद असावा.

२१. त्याच कामात गावची विहीरही उपसावी असे ठरले आहे. काय काळजी घ्यावी?

वापरात नसलेल्या खोल विहिरीत तळाशी प्राणवायू नसू शकतो. दिवा सोडून पाहावा. तो विझला तर कोणीही उतरू नये. दिवा तेवत राहिला म्हणून विषारी वायू नाहीच, असेही समजू नये. तास-दोन तास वारा घालून मगच उतरावे. डिझेलचा पंप विहिरीच्या आत कधीही उतरवू नये, कारण त्याच्या धुराने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर किमान दोन माणसे असावीत. आत माणूस पडला, तर त्याला वाचवायला बिनदोराने दुसऱ्याने उडी टाकू नये. एकाच विहिरीत एकापाठोपाठ दोघे-तिघे जातात ते याचमुळे.

२२. गाळात काम करणाऱ्यांनी प्रकृतीची कोणती काळजी घ्यावी?

उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत तो दर पावसाळ्यात आढळतो. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नये. गमबूट आणि हातमोजे वापरावेत, काम संपताच साबणाने धुवावे. कामानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळे लाल होणे दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गाळात काम केल्याचे स्वतःहून सांगावे. त्याने निदान लवकर होते. दगड आणि पालापाचोळा हाताने उचलण्याआधी काठीने हलवावा, कारण जांभ्याच्या सांदीत फुरसे असते. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, बांधून टाकणे यात वेळ न घालवता रुग्णाला चालू न देता थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. ते आपल्या तालुक्यात कोठे आहे, ही माहिती काम सुरू करण्यापूर्वीच मुकादमाच्या वहीत लिहिलेली असावी.